नामवाचन आणि वस्तुनिर्णय : बागलाणातील भूगत धातुवस्तूंच्या निमित्ताने

१

जमिनीतून निघालेली जुनी धातूची वस्तू हाती आली म्हणजे ती काय आहे, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. आणि त्याचे उत्तर बहुधा वस्तूवरील अक्षरांत शोधले जाते. अक्षरे लागली व राजाचे नाव वाचता आले की वस्तू ओळखली गेली, असे मानण्याची वहिवाट सराफापासून संग्राहकापर्यंत सर्वत्र रूढ आहे. अक्षरे नसली तर घडणीतील साम्य पाहिले जाते, आणि तेवढ्यानेही न भागल्यास धातूचे पृथक्करण करण्यात येते. या तिन्ही रीतींच्या मुळाशी एकच गृहीत आहे : वस्तूचा निर्णय करण्यास वस्तू स्वतः पुरेशी आहे. नाशिक जिल्हा आणि त्याच्या लगतचा प्रदेश यांतील ज्ञात उदाहरणे तपासून पाहिली असता हे गृहीत टिकत नाही. या उदाहरणांत नाव एकाचे आणि वस्तू दुसऱ्याची, असा प्रकार एकदा नव्हे तर वारंवार आढळतो.

या प्रश्नाला आज निकडीचे स्वरूप आले आहे. हातात धरून चालवावयाचे धातुशोधक यंत्र पूर्वी सैन्यातील सुरुंग शोधणाऱ्यांजवळ असे. ते आता बाजारात कोणासही मिळू शकते. २०२५ साली ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर बऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगडाच्या पायथ्याशी असलेल्या शेतांत मोगली सोने पुरलेले आहे अशी वदंता पसरली, आणि लोकांनी रात्रीच्या वेळी विजेऱ्या व धातुशोधक यंत्रे घेऊन ती शेते खणून काढली. असीरगड हा जुन्या खानदेश सुभ्यातील गड. ज्या खोऱ्यांना असाच इतिहास आहे, तेथेही हेच घडू शकेल. अशा खोदाईतून किती द्रव्य निघाले याची चर्चा होते. त्या खोदाईने कोणता पुरावा नाहीसा झाला, याची होत नाही. त्या दुसऱ्या बाजूचा विचार येथे कर्तव्य आहे.

२

बागलाण तालुक्यातील नामपूर हे गाव मोसम नदीच्या खोऱ्यात मुल्हेरच्या खाली आणि मालेगावच्या वर वसले आहे. आज ते कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. सुरतेचे बंदर आणि दख्खन यांना जोडणाऱ्या वाटा बागलाणातून जात असत, आणि त्या वाटांवर लक्ष ठेवणारे साल्हेर व मुल्हेर हे दोन बळकट किल्ले बागुल राजांच्या हाती होते. अबुल फजलाने ‘आइने अकबरी’त या राज्याच्या सैन्याची गणना आठ हजार घोडदळ व पाच हजार पायदळ अशी दिली असून त्याच्या सात किल्ल्यांपैकी मुल्हेर व साल्हेर यांच्या दुर्गमतेचा विशेष निर्देश केला आहे. इ. स. १६३८ मध्ये शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मोगलांनी मुल्हेर घेतले आणि हे राज्य संपले. पुढे १६७१-७२ च्या सुमारास हे दोन्ही किल्ले शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले, आणि १८१८ साली हा सर्व मुलूख इंग्रजांकडे गेला.

अशा प्रदेशातील नांगराच्या फाळाला लागणारे नाणे बागुलांचे, मोगलांचे, मराठ्यांचे, गुजरातच्या सुलतानांचे किंवा त्याहून कितीतरी जुने असू शकते. या राज्याचा स्वतःचा लिखित पुरावा अल्प आहे. नारायणशहाच्या दरबारातील रुद्रकवीने १५९६ साली रचलेले ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हे त्यातील प्रमुख साधन. पण ते आश्रित कवीने लिहिलेले आहे आणि त्याचा कल आश्रयदात्याच्या गौरवाकडे असणे स्वाभाविक आहे. यास्तव बागलाणच्या इतिहासात मातीतून निघणाऱ्या वस्तूंचे मोल अन्य कित्येक प्रांतांहून अधिक ठरते.

३

या दृष्टीने बागलाणची महमुदी हे नाणे उद्‌बोधक आहे. महमुदी हे मुळात गुजरातच्या सुलतानांचे रुपेरी नाणे. अकबराने १५७२-७३ मध्ये गुजरात जिंकल्यानंतरही त्याच घडणीची नाणी अकबराच्या नावाने पडत राहिली. वजनाने ती मोगली रुपयाच्या निम्म्याच्या जवळपास भरतात. सुरतेच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या हिशोबात पाच महमुदींचे सुमारे दोन रुपये होत. या नाण्यांवर बादशहाचे नाव आहे, पण टांकसाळीचे नाव नाही. ज्याने केवळ अक्षरे वाचली त्याला हे नाणे अकबराचे म्हणावे लागेल. आणि घडण गुजराती म्हणून त्याची टांकसाळ गुजरातेत कोठेतरी शोधावी लागेल.

जुनागढच्या बहाउद्दीन कॉलेजातील प्राध्यापक शाहपूरशहा होरमसजी होडीवाला यांनी हा प्रश्न निराळ्या वाटेने सोडविला. त्यांचा मोगल नाणकशास्त्रावरील ‘हिस्टॉरिकल स्टडीज इन मुघल न्युमिस्मॅटिक्स’ हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. नाण्याकडे पाहण्याआधी त्या काळच्या तवारिखा, प्रवासवृत्ते व वखारींचे कागद वाचावयाचे, ही त्यांची पद्धती. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर या भागातून गेला. प्रतापशहाच्या साल्हेर-मुल्हेर या नगरांचा उल्लेख करताना तेथे महमुद्या पाडल्या जातात, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. या साक्षीची आणि टांकसाळीचे नाव नसलेल्या नाण्यांची सांगड घातली असता, अकबराच्या नावाची ही नाणी मोगल टांकसाळीची नसून मुल्हेरच्या राजांनी पाडलेली आहेत, असा निष्कर्ष निघतो. नाणकशास्त्रज्ञांनी तो सामान्यतः स्वीकारला आहे.

या निष्कर्षाला वाङ्‌मयाच्या बाजूनेही पुष्टी मिळते. ज्या प्रतापशहाच्या मुल्हेरात महमुद्या पडत होत्या, त्याच्याच आश्रयाने रुद्रकवीने १६०९ मध्ये ‘खानखानाचरित’ लिहिले. शाहजादा दानियल व जहांगीर यांच्यावरही त्याच्या रचना आहेत. लहान राज्याच्या राजाने मोगल सेनापतीवर व बादशहावर संस्कृत काव्ये करवून घ्यावीत आणि आपल्या टांकसाळीत बादशहाच्या नावाचे नाणे पाडावे, या दोन गोष्टी एकाच राजनीतीच्या निदर्शक आहेत. नाण्यावरील नाव येथे सत्तेचे द्योतक नाही. सत्ता आपल्या हाती राखण्यासाठी दिलेली ती किंमत आहे. हे नाणे ‘अकबराचे’ म्हणून पेटीत ठेवले की ती राजनीती दृष्टिआड होते आणि बागुलांच्या टांकसाळीची निशाणी मोगलांच्या नावावर जमा होते.

तथापि होडीवाला यांच्या प्रतिपादनाची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. त्यांचा निर्णय ग्रंथ आणि नाणे या दोन आधारांवर उभा आहे. कोणत्या गावी, कोणत्या नाण्यांच्या संगतीत आणि किती संख्येने महमुद्या निघतात, हा तिसरा आधार होय. टांकसाळीच्या भोवतालच्या खोऱ्यात एखाद्या नाण्याचे प्रमाण दाट असावे आणि दूर जावे तसे ते विरळ व्हावे, ही सर्वसाधारण अपेक्षा आहे. मुल्हेरपासून नामपूरमार्गे मालेगावपर्यंतच्या गावांत निघणाऱ्या महमुद्यांची जागा टिपून ठेवली, तर या अपेक्षेची परीक्षा होऊ शकेल. ज्या नाण्याची जागा नोंदविलेली नाही, ते या परीक्षेला निरुपयोगी आहे; मग त्याचा ठसा कितीही स्वच्छ असो.

महमुदीचा प्रकार अपवादात्मक नाही. मराठ्यांच्या अमलात मुल्हेरच्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयांवर दुसऱ्या शाहआलम बादशहाचे नाव आणि ‘औरंगनगर’ हे टांकसाळीचे नाव आढळते. त्यावरून तो रुपया मोगलांचा ठरविणे चुकीचे होईल. उलट्या दिशेची चूक शिवराईच्या बाबतीत होते. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे दिसताच तांब्याचा तो पैसा शिवकालीन मानला जातो. वस्तुतः हीच अक्षरे असलेल्या शिवराया पेशवाईअखेरपर्यंत पडत होत्या. ज्यांना संग्राहक दुदांडी म्हणतात, त्या त्यांपैकी उत्तरकालीन होत. नाव तेच, पण काळात शंभर-सवाशे वर्षांचे अंतर पडते.

४

एकट्या वस्तूला जे सांगता येत नाही ते वस्तूंचा समुदाय सांगू शकतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातीलच आहे. दारणा व गोदावरी यांच्या संगमाजवळ असलेल्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात क्षत्रप नहपान याच्या १३,२५० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी निघाला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास करून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तो १९०८ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या मुखवट्यावर चैत्याचे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह, असे या नाण्यांचे स्वरूप आहे.

यांतील एकच नाणे हाती आले असते, तर सातवाहनाने क्षत्रपाच्या नाण्यावर आपला ठसा मारला, एवढेच सिद्ध झाले असते. हा ठसा नहपानाच्या नंतर लगेच मारला की मध्ये एकदोन पिढ्या लोटल्यावर मारला, हे त्यावरून ठरले नसते. नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या समकालीनत्वाविषयी विद्वानांत जो वाद झाला, त्यात संपूर्ण निधीची साक्ष महत्त्वाची ठरली. एवढ्या मोठ्या संचयात नहपानाखेरीज अन्य कोणत्याही क्षत्रपाचे नाणे मिळाले नाही. मध्ये दुसरा राजा झाला असता तर त्याचे नाणे या हजारोंत कोठेतरी आले असते, असा हा युक्तिवाद आहे. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राला क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा म्हटले आहे. त्या प्रशस्तीला या निधीमुळे वस्तुरूप आधार मिळाला.

या युक्तिवादाचे मर्म ‘न मिळालेल्या’ नाण्यात आहे. निधी एकत्र राहिला तरच त्यात काय नाही हे सांगता येते. त्यातील पाचशे नाणी आधी सराफाच्या मुशीत गेली असती किंवा निवडक नमुने विकले गेले असते, तर अन्य राजाच्या नाण्याचा अभाव हा पुरावा म्हणून कोणी मान्य केला नसता. जोगलटेंभीचा निधी शास्त्रीय उत्खननात निघालेला नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे. तो योगायोगानेच निघाला. पण त्याचा बहुतांश एकत्र पाहिला गेला. यावरून शोधणारा शास्त्रज्ञ आहे की शेतकरी, यापेक्षा सापडलेले साहित्य अविभक्त राहिले की नाही याला अधिक महत्त्व आहे, असे दिसून येईल.

५

अक्षरे नसतील तेव्हा घडण व धातू यांचा आधार घ्यावा लागतो. हा आधार किती दूर नेतो, हे दायमाबादच्या वस्तूंवरून समजते. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या या गावी १९७४ साली एका झाडाचे खोड खणून काढताना चार वस्तू सापडल्या : दोन बैल जोडलेला रथ व त्यात उभा असलेला पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक आहे. प्राचीन भारतातील धातुशिल्पात त्यांचे स्थान अद्वितीय आहे, याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते काळाविषयी. एम. एन. देशपांडे, एस. आर. राव, एस. ए. साळी व म. के. ढवळीकर यांनी त्या उत्तर हडप्पा काळातील मानल्या. उलट डी. पी. अगरवाल यांनी पृथक्करणाच्या आधारे शंका उपस्थित केली. या वस्तूंच्या धातूत एक टक्क्याहून अधिक सोमल आहे. अन्य ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, सबब त्या ऐतिहासिक काळातीलही असू शकतील, असे त्यांचे म्हणणे.

दोन्ही पक्ष अभ्यासपूर्ण आहेत आणि दोघांनीही वस्तूंची कसून तपासणी केली आहे. तरीही वाद मिटत नाही, कारण तो मिटविणारी गोष्ट वस्तूंत नाही. ती होती वस्तूंभोवतीच्या मातीत. १९७५-७६ पासून साळी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन झाले व वसाहतीचा स्तरक्रम उत्तम रीतीने निश्चित झाला. परंतु चार वस्तू त्या स्तरक्रमाच्या कोणत्या थरात ठेवावयाच्या, हे खोड निघाले त्या दिवशीच विवाद्य होऊन बसले होते. त्यात शोधणाऱ्याचा दोष नाही. तो झाडाचे मूळ काढीत होता. धातुशोधक यंत्र घेऊन हेतुपुरस्सर खणणाऱ्याला मात्र ही सबब सांगता येणार नाही.

मातीविषयी आणखी एक स्थानिक गोष्ट सांगावयास हवी. महाराष्ट्रातील जुन्या वसाहतींची टेकाडे ‘पांढरी’ म्हणून ओळखली जातात. शतकानुशतकांच्या राखेने, शेणाने व घरांच्या पडझडीने तेथील माती पांढुरकी व सकस झालेली असते. ही माती घराच्या भिंतींसाठी आणि खत म्हणून शेतांत टाकण्यासाठी गाड्या भरून नेली जाते. त्या मातीबरोबर मणी, खापरे व नाणीही जातात. त्यामुळे काळ्या रानात सापडलेले नाणे मूळचे त्या रानातले असेलच असे नाही. नाण्याला पांढरी माती चिकटलेली आहे की काळी, सोबत खापरे आहेत काय, शेतात पूर्वी भर टाकली होती काय, हे प्रश्न विचारल्यावाचून केलेली जागेची नोंदही दिशाभूल करू शकते. वस्तू चिंचेने किंवा राखेने घासून चकचकीत केली म्हणजे ही माती जाते, आणि तिच्याबरोबर धातूवरील जुना कीटही जातो. नेवाशाच्या उत्खननात तांब्याच्या मण्यांत मूळ धाग्याचे अवशेष मिळाले, ते ताम्रक्षारांनी राखले म्हणून. ते मणी आधी कोणी घासले असते तर एका प्राचीन दोऱ्याची माहिती कायमची गेली असती.

६

वरील विवेचनावरून धातुशोधक यंत्र हेच अनिष्ट आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अमेरिकेतील माँटाना राज्यात लिट्‌ल बिगहॉर्न येथे १८७६ साली कस्टरच्या तुकडीचा पाडाव झाला. १९८३ मध्ये त्या रणभूमीवरील गवत वणव्यात जळाल्यानंतर १९८४ पासून पुरातत्त्वज्ञांनी याच यंत्रांच्या साहाय्याने तिची पाहणी केली. यंत्राने खूण दिली की तेथे निशाण रोवले जाई आणि प्रत्येक गोळीची व काडतुसाची जागा नकाशावर घेऊनच ती वस्तू उचलली जाई. एकाच बंदुकीची काडतुसे त्यांवरील आघाताच्या खुणांवरून जुळविली गेली आणि ती बंदूक रणभूमीवर कोठून कोठे सरकली, हे दाखविता आले. तेथील सुटी गोळी बाजारात कवडीमोलाची. जागेसह तिला इतिहासाची साक्ष मिळाली. १६७२ साली साल्हेरच्या परिसरात मराठे व मोगल यांच्यात मोठी लढाई झाली. २०२५ मध्ये साल्हेरचा किल्ला जागतिक वारसायादीत समाविष्ट झाला. तथापि किल्ल्याच्या तटांचे रक्षण झाले म्हणजे भोवतालच्या शेतांतील शिशाच्या गोळ्यांचेही झाले, असे होत नाही. त्या गोळ्या एकेक करून उचलल्या गेल्या तर या लढाईचा असा नकाशा पुढे कोणालाही काढता येणार नाही.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची योजना चालू आहे. तेथील नोंदींची संख्या दहा लाखांपलीकडे गेली असून त्यांतील बहुसंख्य वस्तू धातुशोधक यंत्राने मिळालेल्या आहेत. ती पद्धत येथे जशीच्या तशी आणणे इष्ट नव्हे, कारण येथील कायदा व परिस्थिती भिन्न आहेत. पण नोंद घेणारा माणूस शोधणाऱ्याच्या जवळपास असला तर माहिती वाचते, हा तिचा अनुभव दुर्लक्षणीय नाही.

भारतातील कायद्याविषयीही एक गैरसमज आहे. १८७८ चा निखात निधी कायदा केवळ सरकारी जप्तीचा कायदा समजला जातो व त्या भीतीने वस्तू लपविल्या जातात. त्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते आणि न कळविणे हा दंड व कैदेस पात्र असा गुन्हा आहे, हे खरे. परंतु निधीचा अन्य मालक सिद्ध न झाल्यास आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसल्यास शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश व जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा त्यात सांगितला आहे. आणि सरकारने निधी घेतल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देण्याचीही तरतूद आहे. संशोधनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग निराळाच. सूचनेत निधीचे स्वरूप व अंदाजी मूल्य यांबरोबर सापडल्याचे ठिकाण आणि सापडल्याचा दिवस लिहावा, असे कायदा सांगतो. जागेची नोंद हा म्हणजे अलीकडच्या पुरातत्त्वाचा हट्ट नव्हे. तिची आवश्यकता १८७८ च्या मसुद्यानेही ओळखली होती. कायद्याचे वैगुण्य हे की निधीची व्याख्या तो रुपयांत करतो. दहा रुपयांची मर्यादा आज नाममात्र असली, तरी किमतीची भाषा कायम राहते. जिला बाजारात भावच नाही, अशी लोखंडी बाणाची टोके, शिशाची गोळी किंवा झिजलेली दुदांडी कोणी कचेरीत कळवावयास जात नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तूंचा व्यापार परवान्याखाली आणला व त्यांची परदेशी रवानगी रोखली. शेतातल्या शेतात नाहीशा होणाऱ्या माहितीचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही.

७

साकल्याने पाहता, नाव, घडण व धातू ही वस्तुनिर्णयाची तीन साधने निरुपयोगी ठरत नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. महमुदीवर अकबराचे नाव आहे, औरंगनगरच्या रुपयावर शाहआलमचे, गौतमीपुत्राच्या चलनावर नहपानाचा मुखवटा. आणि दायमाबादचा रथ घडण व धातू या दोन साक्षीदारांत अडकून पडला आहे. या सर्व ठिकाणी निर्णायक किंवा निर्णायक होऊ शकणारा पुरावा वस्तूच्या बाहेर आहे : समकालीन लेखनात, सोबतच्या वस्तूंत किंवा मातीच्या थरात. जागेचा पुरावाही निरपवाद नसतो. नाणी प्रवास करतात, निधी पाडल्यानंतर कित्येक वर्षांनी पुरले जातात, पांढरीची माती गाडीतून दुसरीकडे जाते. पण त्याची चिकित्सा करता येते. जो पुरावा नोंदविलाच गेला नाही, त्याची चिकित्साही शक्य नाही.

मोसम खोऱ्यात नांगरटीच्या वेळी एखादे रुपेरी नाणे निघाले, तर ते न घासता मातीसह कागदात ठेवावे. शेताचा गट क्रमांक, खोली, मातीचा रंग, सोबतची खापरे व इतर वस्तू आणि सापडल्याची तारीख लिहून ठेवावी. एकाहून अधिक नाणी असतील तर ती वेगळी करू नयेत. आणि कायद्याप्रमाणे तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या कचेरीस कळवावे. या कामास विद्वत्ता लागत नाही. गावातील शाळेचा शिक्षक किंवा तलाठी ते करू शकेल. नाण्यावरील फारसी अक्षरे पुढे केव्हाही वाचता येतील, आणि ती आज चुकीची वाचली गेली तरी उद्या दुरुस्त होतील. जागेची नोंद मात्र नाणे निघाले त्याच दिवशी होणे आवश्यक आहे. बागुलांच्या टांकसाळीचा विस्तार किती होता, त्यांचे नाणे मोसम खोऱ्यातील बाजारांत खेळत होते की मुख्यतः सुरतेच्या व्यापारासाठी पाडले जात होते, या प्रश्नांचा उलगडा होण्याची शक्यता अशा नोंदींवरच अवलंबून आहे.